लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला कच्चं चिकन द्यायचं का, आणि ट्रेनिंग घरच्या घरी जमतं का?

ताई, तुमचा प्रश्न मोठा होता म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. घरी पाच महिन्यांची लॅब (लॅब्रॅडॉर कुत्री) आहे, चिंगी, वजन सोळा किलोच्या आसपास. बडोद्यात वाघोडिया रोडला फ्लॅट, घरात सासूबाई आणि दोन वर्षांचा मुलगा. सकाळी फिरताना भेटणारे एक काका म्हणतात कुत्रा म्हणजे मुळात लांडगाच, कच्चं चिकन आणि हाडं घाला, केस कसे चमकतात बघा. सासूबाई म्हणतात कच्च्या मांसाची चटक लागली की ती चावरी होणार. आणि एक ट्रेनर तिला महिनाभर स्वतःकडे ठेवून शिकवून देतो म्हणतोय, पैसेही बरेच मागतोय, तर ते घरीच करता येईल का असं तुम्ही विचारलंय.

मी बडोद्यात हेच काम करतो, लोकांच्या घरी जाऊन कुत्री आणि त्यांची माणसं दोघांनाही शिकवतो (माणसांना जास्त वेळ लागतो). माझ्या स्वतःच्या मोठ्या कुत्र्यांना मी बरीच वर्षं कच्चं घातलेलं आहे, म्हणजे मी काही त्याच्या विरोधातला माणूस नाही. तरी तुम्हाला सरळ सांगतो, चिंगीला आत्ता कच्चं सुरू करू नका. आणि ट्रेनिंग मात्र घरीच करा, आणि ते तिच्या रोजच्या खाण्यावरच करा, वेगळं काही आणायची गरज नाही. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत पण माझ्या लेखी तो एकच आहे.

कच्चं नको म्हटलं की सगळ्यांना आधी जंतू आठवतात. माझं पहिलं कारण वेगळं आहे, हाडं, म्हणजे चिंगीची स्वतःची हाडं. बोनलेस चिकनमध्ये शंभर ग्रॅमला फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम १०-१२. वाढत्या पिल्लाला हे प्रमाण उलटं लागतं, कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त, १.२ ला १ वगैरे. नुसतं मांस घालत राहिलं की रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून काढायला लागतं, मग पिल्लू वरून गुबगुबीत आणि चकचकीत दिसतं पण पाय वाकायला लागतात, सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं, आणि एक्स-रे काढला की डॉक्टर विचारतात याला काय खायला घालता.

हे ऐकलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात, मेडिकलमधून कॅल्शियमचं सिरप आणतात आणि सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा घालतात. आपल्याकडे तर पिल्लू घरी आलं की सिरप आलंच. मोठ्या जातीच्या लहान पिल्लांचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, जेवढं घालाल त्यातलं बरंचसं आत जातं, आणि सांधे नि हाडांची वाढ बिघडते. म्हणजे कमी पण वाईट आणि जास्त पण वाईट, आणि मधली जागा अरुंद आहे. मोठ्या कुत्र्यात थोडं इकडे-तिकडे झालं तर चालून जातं, पाच महिन्यांच्या लॅबमध्ये नाही. सिरप चालू असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा.

आता काकांचा लांडगा. कच्च्या आहाराची ही लाट गाजली ती ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्यामुळे, १९९३ पासून, त्याला बार्फ म्हणतात, त्यात भाज्या पण असतात. दुसरा पंथ आहे तो ८०-१०-१० वाला, ऐंशी टक्के मांस, दहा टक्के खाता येईल असं हाड, दहा टक्के कलेजी वगैरे आतले अवयव, त्यातली निम्मी कलेजी. मोठ्या कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दोन-तीन टक्के, म्हणजे २८ किलोच्या लॅबला साधारण ५६० ते ८४० ग्रॅम. ऐकायला सोपं वाटतं. पण हे नीट पाळूनसुद्धा झिंक, आयोडीन, मँगनीज, व्हिटॅमिन ई यातलं काही ना काही कमी पडतंच, आणि काका जे करतात ते ८०-१०-१० नसतं, ते चिकनवाल्याकडून मिळालेल्या माना आणि पंजे असतात.

बरं, कुत्रा लांडगा आहे का, तर नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दोघांचे जीन्स ताडून पाहिले, स्टार्च पचवणाऱ्या एंझाइमच्या जीनच्या लांडग्यात दोन प्रती आणि कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसांच्या उकिरड्यावर आणि उष्ट्यावर हजारो वर्षं काढलेला प्राणी आहे तो, शिजवलेला भात किंवा भाकरी त्याला व्यवस्थित पचते. याचा अर्थ नुसत्या दही-भातावर किंवा दूध-पोळीवर ठेवा असा मात्र नाही हं, आपल्या मराठी घरांत ती दुसरी सवय आहे, आणि त्यात प्रोटीन किती असतं ते तुम्हीच बघा.

आता जंतू. आपल्याकडचं चिकनचं दुकान डोळ्यासमोर आणा. कोंबडी तुमच्या समोर कापली म्हणजे ताजी, ते खरं. पण सगळ्यांसाठी एकच लाकडी ठोकळा, एकच सुरी, हात बुडवायची एकच बादली, आणि मग काळी पिशवी स्कूटरच्या हुकला लावून मे महिन्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत घरी. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांना यापेक्षा चांगली सोय कोण करून देणार. फ्रीझरमध्ये ठेवलं की मरतं सगळं, असं काका सांगतील, पण फ्रीझिंगने काही परजीवी मरतात, साल्मोनेला मरत नाही, तो झोपून राहतो. चिंगी स्वतः आजारी पडेलच असं नाही, बऱ्याचदा कुत्रा ठणठणीत असतो, पण शीमधून जंतू बाहेर टाकत राहतो, तेच तोंड घेऊन बाळाचा गाल चाटतो, आणि तुमच्या घरात दोन वर्षांचं मूल आणि वयस्कर माणूस दोन्ही आहेत, अशा इन्फेक्शनमध्ये सगळ्यात आधी हेच दोघे आडवे होतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ पासून कुत्र्या-मांजरांना कच्चं मांस घालू नका अशीच भूमिका घेतलीये ती मुख्यतः यासाठी. आणि फ्रीझर एकच असेल तर सासूबाईंचं श्रीखंड आणि चिंगीच्या कोंबडीच्या माना शेजारी शेजारी, यावर घरात जे होईल ते मी लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र ठळक सांगायचीये कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. बोकडाची फुप्फुसं आणि कलेजी स्वस्तात मिळते म्हणून लोक कच्चीच कुत्र्याला टाकतात. शेळ्या-मेंढ्यांच्या या अवयवांत कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात, हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याने ती गाठ खाल्ली की त्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटरचा टेपवर्म वाढतो, कुत्र्याला काहीही होत नाही, पण अंडी शीतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, आणि कुत्र्याला कुरवाळून हात न धुता जेवणाऱ्या माणसाच्या पोटात जातात. मग लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते आणि शेवटी ऑपरेशन. तेव्हा बोकडाचे आतले अवयव कच्चे कधीच नाही, चिंगी मोठी झाल्यावरसुद्धा नाही. आणि जंताचं औषध विचाराल तेव्हा त्यात टेपवर्मवर चालणारं प्राझिक्वान्टेल आहे ना हे डॉक्टरांकडून बघून घ्या, दुकानातली साधी सिरपं गोल जंतांपुरतीच असतात.

मग घालायचं काय. वाढ पूर्ण होईपर्यंत, लॅबमध्ये धरा वर्ष-सव्वा वर्ष, पाकिटावर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असं लिहिलेलं कोरडं खाणं हा पाया, वजनाच्या तक्त्याप्रमाणे मोजून, दिवसातून तीनदा. बोअरिंग उत्तर आहे, मला माहितीये. त्यावर उकडलेलं अंडं, उकडलेलं चिकन, चमचाभर दही, पण सगळं मिळून दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत, नाहीतर मोजलेला तोल पुन्हा बिघडतो. पुढे घरचं शिजवलेलंच घालायचं असेल तर खुशाल घाला, मला उलट आवडतं, फक्त प्रमाण आहारातलं कळणाऱ्या पशुवैद्याकडून लिहून घ्या, आणंदचं व्हेटर्नरी कॉलेज आपल्यापासून तासाभरावर आहे, तिथे विचारता येईल. नुसती अंदाजाने चिकन-भाताची पातेली नको.

आणि मोजून घाला. लॅब कायम उपाशी असल्यासारखी बघते त्याला कारण आहे, केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पोट भरल्याचा निरोप पोचवणाऱ्या जीनचा तुकडाच गायब असतो. तिच्या डोळ्यांकडे बघून वाटी भरू नका, बरगड्यांवर हात फिरवून बघा, हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत आणि वरून कंबर दिसली पाहिजे. ४८ लॅब्रॅडॉरवर पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत केलेला एक जुना अभ्यास आहे, ज्यांना पाव हिस्सा कमी खायला दिलं ती जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. दोन वर्षं! कच्चं की शिजवलेलं या भांडणात एवढा फरक पडलेला मला कुठे दिसलेला नाही.

न घालायच्या गोष्टी पटकन: कांदा-लसूण, म्हणजे शेव-उसळीचा उरलेला रस्सा पण नाही, द्राक्षं आणि मनुके (शिऱ्यातले मोदकातले धरून), चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगम. रविवारच्या रश्श्यातली शिजलेली हाडं तर अजिबात नाही, ती फुटून टोकदार होतात. आणि म्हशीचं वगैरे मोठं कडक हाड चघळायला देऊ नका, मागचा वरचा मोठा दात उभा चिरतो आणि ते दुखणं कुत्रा बरेच दिवस दाखवतच नाही.

आता सासूबाई. कच्च्या मांसाने रक्ताची चटक लागून कुत्रा चावरा होतो याला काही आधार नाही, पण त्यांनी कुठेतरी जे पाहिलं असेल ते खोटं नाहीये. काय होतं सांगतो. रोजचं कोरडं खाणं हे कुत्र्याच्या हिशोबात साधं काहीतरी, आणि मांसाचं हाड म्हणजे लॉटरी. लॉटरी लागल्यावर जवळ येणारं प्रत्येक माणूस चोर वाटायला लागतं. इथेच बडोद्यात, मांजलपूरच्या एका घरात जर्मन शेफर्डला कच्चे पाय द्यायचे, आणि घरातली मोठी माणसं 'आपणच मालक हे कळलं पाहिजे' म्हणून मधेच हाड काढून घ्यायची. मी गेलो तेव्हा बघितलं ते असं: हाड पुढच्या दोन पायांत, घरातला मुलगा दारात आला, कुत्र्याचं चघळणं थांबलं, डोकं हाडावर खाली गेलं, शेपूट हलायची बंद झाली, डोळ्यांचा पांढरा भाग कोपऱ्यातून दिसायला लागला. गुरगुर अजून झालीच नव्हती. घरचे म्हणाले बघा, किती शांत आहे. तो शांत नव्हता, तो ताठला होता. गुरगुरल्यावर त्याला आधी मार पडला होता म्हणून त्याने गुरगुरणं सोडून दिलं होतं, आणि आता पुढची पायरी थेट दात.

म्हणून गुरगुरण्याबद्दल कधीही ओरडायचं नाही, ती सूचना आहे आणि सूचना मिळालेली बरी. आणि चिंगीबरोबर आजपासून एवढं करा. ती वाटीतलं खात असताना तुम्ही लांबून, म्हणजे जिथून तिचं खाणं जराही ताठत नाही तेवढ्या लांबून जाता जाता उकडलेल्या कलेजीचा एक तुकडा वाटीच्या बाजूला टाका आणि चालते व्हा. थांबून बघायचं नाही, हात लावायचा नाही. काही दिवसांत तुम्ही दिसलात की ती वाटीतून तोंड वर काढून शेपूट हलवायला लागेल, मग एक पाऊल जवळ. तोंडात चप्पल, मोजा, बाळाचं खेळणं असेल तेव्हा पण जबडा उघडून काढायचं नाही, चांगला तुकडा नाकासमोर धरा, ती सोडेल, सोडल्यावर तुकडा द्या, आणि देण्यासारखी वस्तू असेल तर तीसुद्धा परत द्या. हे मोठ्यांनी करायचं. बाळाला यात आणायचं नाही, ती खात असताना बाळ दुसऱ्या खोलीत किंवा मध्ये जाळीचं दार, आणि हा नियम चिंगी कितीही गोड असली तरी.

कलेजीचे तुकडे असे करा: कोंबडीची कलेजी पाण्यात पूर्ण उकडायची, गार झाल्यावर हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे, तव्यावर मंद आचेवर तूप-तेल न घालता कोरडे होईपर्यंत परतायचे, डब्यात घालून फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतात. रोज मूठभर मात्र नको, कलेजीत व्हिटॅमिन ए भरपूर असतं आणि ते साठत जातं. घरात मांस शिजवायचंच नसेल तर पनीरचे बारके तुकडे चालतात.

बाकी सगळ्या ट्रेनिंगला तिचं रोजचं खाणंच वापरा. सकाळी दिवसभराचं मोजून एका डब्यात काढा, त्यातलं निदान तिसरा हिस्सा वाटीत न जाता तुमच्या हातातून जाऊ दे. नाव घेतलं, वळून बघितलं, 'येस', एक दाणा. बसली, 'येस', एक दाणा. 'येस' शब्द त्याच क्षणी, दाणा नंतर आला तरी चालतो. बसायला शिकवताना पाठीवर दाबायचं नाही, दाणा नाकापासून डोक्यावरून मागे न्या, बूड आपोआप टेकतं. तीन-चार मिनिटांची एक बैठक, दिवसात चार-पाचदा, त्यापेक्षा जास्त नको, पिल्लू कंटाळतं आणि आपणही. घरात सगळ्यांनी एकच शब्द ठरवा, नाहीतर तुम्ही 'सिट', सासूबाई 'बस' आणि कामाला येणाऱ्या बेन गुजरातीत 'बेस', आणि मग म्हणायचं की कुत्री ऐकत नाही.

सगळ्यात जास्त दाणे 'ये' वर खर्च करा. बोलावून कधीही रागवायचं नाही, आंघोळ किंवा नखं कापायला 'ये' म्हणायचं नाही, उठून जाऊन आणायचं. 'ये' पक्कं होईपर्यंत बाहेर पट्टा सोडायचा नाही, आणि विश्वामित्री नदीच्या काठाला तर पक्कं झालं तरी नाही, मगरींना तुमचं ट्रेनिंग माहीत नसतं.

शी-शूचं तुम्ही लिहिलंय की ती अजून हॉलमध्येच करते. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच खाली न्या, तिथे झाल्या झाल्या तिथेच दाणा, घरी येऊन नाही. घरात झालं तर गुपचूप पुसा, नाक घासणं वगैरे प्रकार नकोत, त्याने ती फक्त तुमच्यासमोर करायची बंद होते आणि पडद्यामागे करते. पांढरं फिनाइल त्या जागी वापरू नका, वास झाकला जातो पण तिच्या नाकाला खालचा वास येतोच, आणि फिनाइल तिच्या पंजांना लागून चाटलं जाणं चांगलं नाही. एंझाइमवालं क्लीनर मिळतं ते आणा. चावणं, म्हणजे हात-पाय तोंडात घेणं, ते आत्ता दात बदलतायत म्हणून आहे, फ्रिजमधलं गाजर द्या, ओलं फडकं पिळून फ्रीझरमध्ये कडक करून द्या, आणि जोरात लागलं तर उठून दुसरीकडे जा, बस.

महिनाभर ठेवून शिकवणारा ट्रेनर. सगळे वाईट नसतात, पण तुम्ही समोर नसताना काय चालतं हे तुम्हाला कळणार नाही, आणि चिंगी त्याचं ऐकायला शिकेल, तुमचं नाही. त्याला एकच विचारा, कुत्रा चुकला की तुम्ही काय करता? चोक चेन, शॉक कॉलर, उलटं पाडून दाबून धरणं यातलं काही आलं किंवा 'अल्फा (कळपाचा म्होरक्या) बनावं लागतं' आलं तर नमस्कार करून निघा. हे अल्फाचं प्रकरण पिंजऱ्यात कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून आलं होतं, आणि लांडग्यांचे अभ्यासक असलेल्या ज्या डेव्हिड मेक यांच्यामुळे ते जगभर पसरलं त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि पोरं असतात, गादीसाठी मारामारी नसते. घरी येऊन तुमच्या हातून करून घेणारा कोणी असेल तर आठवड्याला एक वेळ पुरे.

शेवटचं, आवाजाचं, कारण तुम्ही लिहिलंय ती प्रेशर कुकरलाही दचकते. आपल्याकडे गरब्याचे नऊ दिवस स्पीकर, मग दिवाळीचे फटाके, मग उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांत, गच्चीवर पिपाण्या आणि डीजे, त्यामुळे आत्तापासूनच मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून तिला दाणे द्या, ती खाणं थांबवत नाही तोवरच आवाज थोडा वाढवा, थांबवलं की कमी. उत्तरायणाच्या दोन्ही दिवशी गच्चीवर नेऊ नका, आणि नंतरचा आठवडाभर फिरताना नजर जमिनीवर ठेवा, मांजा झुडपांत आणि फुटपाथवर पडलेला असतो, पंजाची गादी कापली तर धार धरून रक्त येतं, स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून धरा आणि तसंच डॉक्टरकडे न्या, हळद भरत बसू नका.